बाहीवरचा लाल दोरा

जर्सी सिटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक युक्रेनियन बाई राहतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचा मुलगा तिकडे लढाईवर होता. रविवारी त्याचा फोन येऊन गेला, की त्या त्याच्यासाठी घेतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यांची एक ओळ भरत. मी चहाचा कप घेऊन बघत बसायची.

मग फोन थांबले. मुलगा बेपत्ता, एवढंच कळलं. सदरा अर्ध्या बाहीवर अडला.

यंदा इथल्या लायब्ररीत युद्धावरच्या कलेचं प्रदर्शन भरलं. बाईंनी तोच सदरा द्यायचं ठरवलं. त्यांना कामावर जायचं होतं, म्हणून इस्त्री करून पोचवायचं मी आपणहून अंगावर घेतलं. बाहीतून हातभर लाल दोरा लोंबत होता. माझी आई शाळेत शिवण शिकवायची. भरतकाम उलटं करून बघायची आणि दोरा लोंबताना दिसला, की चारचौघांत लाज काढायची. माझे हात शिवशिवले. मागून गाठ मारली, दोरा कापला, कचऱ्यात टाकला. वर स्वतःवर खूश झाले. एवढी अतिशहाणी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

उद्घाटनाला बाई सदऱ्यासमोर गेल्या. बाही हातात घेऊन उलटी केली आणि गाठीवरून बोट फिरवलं. माझी लेक शेजारची पाटी वाचत होती. त्यावर बाईंनी लिहून दिलं होतं: 'फोन आला, की याच दोऱ्याने पुढची ओळ.'

"आई, तो दोरा तू कट केलास? यार, तोच तर पॉइंट होता!"

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज न चढवता, त्यांच्या तुटक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "संपलं, असं तुला कोणी सांगितलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, काम किती सफाईदार आहे. त्या माणसाचा मला भयंकर राग आला. खरं तर राग माझा मलाच आला होता.

प्रदर्शन उठल्यावर बाईंनी सदरा माझ्या हातात ठेवला. "गाठ तूच सोड," म्हणाल्या. तीन दिवस सुईच्या टोकाने उकरत बसले होते. सुटली एकदाची. पण दोरा उरलाय बोटभर. उद्या त्याचा फोन आलाच, तर त्यात एक टाकासुद्धा बसणार नाही.