मायाची चौकशी

धायरीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलाकडची माणसं आधी शकूबाईंकडे चौकशीला येत. शकूबाई त्यांना चहा पाजत आणि मुलीच्या अंगी नसलेले दोन-चार गुणही बहाल करत. मुलगी शेजारची असो नाहीतर भाडेकऱ्याची, "माझ्या भावाचीच हाय" हे ठरलेलं. अशी पाच-सहा लग्नं त्यांनी पार पाडली होती आणि एकही मोडलं नव्हतं. त्यामुळे चौकशी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

शकूबाईंच्याच घरात वरच्या मजल्यावर दत्तप्रसाद आणि माया नऊ वर्षं भाड्याने राहत होते. तो अमरावतीचा, ती नेपाळची; एकाच कंपनीत ओळख झाली आणि लग्न केलं. मायाचं बाळंतपण शकूबाईंनी केलं, तिला भाकरी थापायला शिकवली आणि भाकरी बिघडली की शिव्याही घातल्या. आता मायाने भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता.

"काकू, पोलीस येतील. माझ्याबद्दल विचारतील."

"येऊ देत की," शकूबाई म्हणाल्या. पण नवरा इथला, पोर इथलं, मग सरकारला आणखी काय हवंय, हे त्यांना कळेना.

हवालदार जयसिंग आले तेव्हा दोघं ऑफिसात होती. त्यांनी मायाचं पूर्ण नाव असलेला कागद उघडला. "या मनमाया मूळच्या कुठल्या?"

माणूस खवचट आहे, हे शकूबाईंनी आवाजावरून ताडलं. अशांपुढे कच्चं बोलून चालत नाही.

"कुठल्या म्हंजी? माझ्या भावाची पोरगी हाय. लोणी काळभोरला जल्मली, माझ्या मांडीवर वाढली."

"नक्की?"

"मंग काय खोटं बोलते व्हय?"

जयसिंग यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. शकूबाईंनी खाली सही केली, त्यांना चहा पाजला आणि काम फत्ते झाल्याच्या समाधानात दुपारभर झोपल्या.

आठ दिवसांनी मायाला पोलीस चौकीतून बोलावणं आलं. अर्जात जन्म नेपाळचा, घरमालकीण सांगते लोणी काळभोरचा, खुलासा करा. दत्तप्रसादचा चेहरा उतरला होता. "काकू, आपण काहीतरी लपवतोय असं वाटेल त्यांना. अर्जच फेटाळतील."

शकूबाईंना काही उमगेना. आपण तर चांगलंच बोललो, मग वाईट कसं झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी माया त्यांना चौकीत घेऊन गेली. तिथल्या साहेबांनी जबाब वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"आजी, भाऊ किती तुम्हाला?"

"एकबी न्हाई."

"वा. आणि भाची मात्र आहे."

माया खाली मान घालून बसली होती.

"आता खरं सांगा. ही तुमची कोण?"

"लई चांगली हाय हो पोरगी."

"ते नंतर लिहू. कोण लागते?"

शकूबाईंनी मायाकडे पाहिलं. मायाने हळूच मान हलवली. आयुष्यात कुठल्याही मुलीबद्दल असं बोलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. भलतंच वाईट वाटलं.

"कोन न्हाई."

"मोठ्याने सांगा, लिहायचंय मला."

"कोन न्हाई लागत माझी! परक्या मुलखातली हाय. भाडं देती आन् ऱ्हाती."

"छान. हेच आधी सांगितलं असतंत तर दोघींची खेप वाचली असती," साहेब म्हणाले. "आता अर्ज पुढे जाईल."

शकूबाईंनी सही केली. आपली म्हटलं तर अर्ज अडला, आपली नाही म्हटलं तर पुढे चालला. आता ती इथली व्हायची म्हणजे आपण तिला परकी म्हणत राहायचं की काय? किती दिवस? विचारावं असं फार वाटलं, पण पुन्हा भलतंच काहीतरी लिहून घेतील म्हणून तोंड उघडलं नाही.

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना मायाने नेहमीसारखा त्यांचा हात धरला. शकूबाईंनी मागे वळून पाहिलं. साहेब खिडकीत उभे होते.

"सोड गं हात," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "सायेब बगतोय."