कढीपत्त्यावरचे माझे दोन शोध

कुंडीतल्या कढीपत्त्यावर मी अळ्यांच्या दोन नव्या जाती शोधल्या आणि दोन्हींना स्वतःचं आडनाव देऊन टाकलं. एक पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसायची, दुसरी हिरवीगार. शास्त्रीय नावात शाळेच्या हजेरीसारखं आडनाव, म्हणजे प्रजातीचं नाव, आधी येतं, हे कळल्यापासून मी हवेतच होतो. वाघ-सिंह एका आडनावाचे, म्हणजे चक्क भाऊबंद! आता त्या हजेरीपटावर आमचंही घराणं अजरामर होणार!

तेवढ्यात विष्ठेसारख्या अळीने माझ्यादेखत कात टाकली आणि आतून हिरवीगार अळी निघाली. दोन्ही एकच! प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शेजारीणबाई हसल्या, "अहो, ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी, कढीपत्ताही खाते. याचं बारसं कधीच झालंय."

शोध बुडाला, तरी तो कायापालट बघून मी टाळ्या पिटत होतो. बायको उघड्या फांद्यांकडे बघत म्हणाली, "आडनाव तुमचंच राहू द्या. दिवसभर बसून खातात, शोभतंय."