रबरबँड लावलेला मोबाईल

उल्हासनगरच्या एका दुकानदाराने माझी चांगली रॅम काढून जुनी बसवली होती. तेव्हापासून कुठेही कॉम्प्युटर उघडला, की मी आधी आतल्या प्रत्येक भागावर मार्करने सही करायचो. परवा एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो, त्याच्यासमोरही केली. माझं होईपर्यंत तो हाताची घडी घालून उभा राहिला.

मोबाईलसाठी मी लिहिलेला कॅरमचा खेळ मध्येच अडकतो म्हणून गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा परत पाठवला होता. आता अडकला तर काम जाणार होतं. कॉम्प्युटरच कमी पडतोय असं धरून मी रॅम वाढवायला आलो होतो आणि त्याच्याशी रॅमच्या भावावरून भांडत होतो.

"भाऊ, खेळ मोबाईलवर चालवून बघितला काय?" त्याने विचारलं.

"कॉम्प्युटरवर मोबाईलचं चित्र येतं, त्यावर चालतो," मी चढ्या आवाजात म्हणालो.

त्याने खिशातून रबरबँड लावलेला आपला मोबाईल काढला आणि माझा कॉम्प्युटर चालू करून केबलने खेळ त्यात टाकला. दुसऱ्याच फटक्याला स्ट्रायकर मध्येच थिजला. मीही थिजलो. खेळ तपासायला दोन वर्षांत मी खरा मोबाईल हातात घेतलाच नव्हता.

"रॅम नको तुम्हाला." नखाने सिमकार्ड काढून त्याने मोबाईल माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा. खेळ नीट चालला की आणून द्या. रबर काढू नका, बॅटरी पडते."

त्याने माझं नावही विचारलं नाही. त्याला ते कळलं असेल, तर माझ्या सह्यांवरूनच.