मंगलबाईंचा उजेडाचा पाठ

मंगल सुरवसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या पटांगणात, भर उन्हात उकिडव्या बसलेल्या. एका मुलीच्या सावलीभोवती त्या खडूने रेघ ओढत होत्या. मी त्याच दिवशी नोकरीवर रुजू होत होते. अंगावर इस्त्रीची साडी, हातात माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचं शिफारसपत्र.

"हितं उबं ऱ्हावा, तुमची बी काढू की," त्या म्हणाल्या.

मी नको म्हटलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांची मुलं पुन्हा आपापल्या रेघेशी उभी राहिली आणि सावली रेघ सोडून भलतीकडेच गेलेली पाहून ओरडली. माझा वर्ग खिडकीतून तेच बघत होता. फळ्यावर मी सावलीची व्याख्या लिहिली होती; ती कुणीच उतरवून घेतली नाही.

तेव्हापासून मला मंगलबाईंचा हेवा वाटत आला आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये, हे कळतं मला. पण समितीने जवळच्या मैत्रिणीचा लेख मागितला, आणि या मैत्रीत हेव्याचा वाटा मोठा होता. त्यापायी एक गोष्ट मी इतकी वर्षं दडवून ठेवली. ती आज सांगते.

आमची शाळा सोलापुरात, विणकरांच्या वस्तीतली. पाचवीची अ तुकडी माझी, ब त्यांची. माझे रंगीत तक्ते भिंतीवर शोभून दिसत. मंगलबाई जेऊरकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांच्या बोलण्यावरून मुख्याध्यापक त्यांना टोकत, तेव्हा मला मनातून बरं वाटे. पण मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्याच पदराला लोंबकळत.

प्रकाश शिकवताना त्या आठ दिवस पुस्तकातला एकही शब्द सांगत नसत. मुलांनी घरून एकेक वस्तू आणायची आणि खिडकीशी धरायची: कंदिलाची काच, भज्यांचा तेलकट कागद, पतंग, पातेल्यावरचं झाकण. "पल्याड बोट दिसतंय का? न्हाय? मग नुसता उजेड तरी येतोय का?" मुलं भांडत, त्या भांडू देत. पारदर्शक, पारभासक, अपारदर्शक हे शब्द फळ्यावर येत ते नवव्या दिवशी.

एका वर्षी बार्शीला शिक्षकांपुढे आदर्श पाठ द्यायला आमच्या शाळेतून एकीची निवड व्हायची होती. शिक्षण खात्याचे साहेब आमचे पाठ बघायला आले. विषय दोघींना एकच, प्रकाश. माझा पाठ आधी होता. मला काहीही करून जायचं होतं. म्हणून मी तक्ते घरी ठेवले आणि मंगलबाईंची रीत उचलली. मात्र त्यांच्यासारखा धीर माझ्यात नव्हता. मी वस्तूंची यादी करून प्रत्येक वस्तूपुढे उत्तर आधीच लिहून ठेवलं. चादर: अपारदर्शक. सोलापूरच्या चादरीतून उजेड येईल, हे कुणाच्या मनात येणार?

लक्ष्मी नावाच्या मुलीने घरची जुनी, धुऊन धुऊन विरलेली चादर आणली होती. वडील मागावर कामाला. तिने ती खिडकीशी धरली.

"मिस, उजेड येतोय की."

"चादर अपारदर्शक असते. बस खाली."

"पण येतोय की! माझ्या नाकावर बगा."

वर्ग हसला. तिच्या नाकावर खरंच उजेडाचे बारीक ठिपके होते. साहेबांचं पेन थांबलं. तेवढ्यात माझा पाठ बघायला मागच्या बाकावर बसलेल्या मंगलबाई उठल्या.

"साहेब, बाईंनी मुद्दाम चुकीचं सांगितलंय. पोरं मास्तरणीचं ऐकत्यात का आपल्या डोळ्यांचं, ते बगायला. ही रीत त्यांचीच. मी बी त्यांच्याकडनंच शिकले."

साहेब खूश झाले. पुढच्या तासाला मंगलबाईंनी आपला नेहमीचा पाठ घेतला, तो साहेबांना माझी नक्कल वाटला. बार्शीला मी गेले. टाळ्या घेतल्या.

परत आल्यावर मी विचारलं, "माझ्यासाठी एवढं खोटं का बोललात?"

"तुमच्यासाठी कुटं, रेखाबाई? लक्ष्मी खरं बोलत हुती. तुमी तिला आणखी एकदा गप बसवलं असतं, तर पोरगी परत कदी बोलली नसती."

म्हणजे त्या माझ्यासाठी उठल्याच नव्हत्या. त्या दिवशी मला त्या दहा वर्षांच्या मुलीचाही हेवा वाटला.

बार्शीला त्या दिवशी समोर बसलेल्या सगळ्यांना मी आज सांगते: तुम्ही माझ्या नावाने जो पाठ वर्गात घेत आलात, तो पाठ मंगल सुरवसे यांचा आहे. त्यातली एक ओळही माझी नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. हे सगळं छापणार असल्याचं मी त्यांना दवाखान्यातच सांगितलं. "लिवा की," त्या म्हणाल्या, "पर त्यात लक्ष्मीचं नाव घाला." आणि लगेच डॉक्टरांकडे वळून, "डोळ्यातनं काढलेलं भिंग कुटं हाय? दावा की मला."

मंगलबाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. नजर शेवटपर्यंत लख्ख राहो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही मीच सोबत जाणार आहे. वॉर्डातल्या बायका पुन्हा त्यांच्याच कॉटभोवती जमतील, नर्सही थांबून त्यांचं बोलणं ऐकेल. मी त्यांचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसेन आणि धुसफुसत तिथूनच सगळं ऐकेन.