उलट्या फोटोतली मोटार

आमच्या घरात आजवर एकच विलायती मोटार आली, आणि ती केळीच्या ट्रकमधून आली.

आमचं गाव चोपड्याजवळ. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावची केळी ट्रकने दिल्लीला जायची आणि ट्रक रिकामे परत यायचे. त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला होता, त्यामुळे आबांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या) अंगात वारं शिरलेलंच होतं. फक्त निमित्त हवं होतं. ते धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांनी पुरवलं.

मंगलाचं लग्न धुळ्याला झालं होतं. तिच्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नानांची तेलाची गिरणी होती, दारात पांढरी मोटार होती आणि बोलण्यात तोरा होता. लग्नाच्या पंगतीतच त्यांनी आबांना सांगून टाकलं, "आखाजीला मुराळी जरूर पाठवा. पण आमच्या सुना एस.टी.ने माहेरी जात नाहीत, एवढं लक्षात असू द्या."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी लोक सोनं घेतात, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. घरातलं कुणीतरी मुराळी म्हणून सासरी जातं आणि तिला घेऊन येतं. मग निंबाला झोका, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. त्यातून मंगलाची पहिली आखाजी! मायने होळीनंतर लगेचच खापर घासून भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, "आंडेर उनी नही ते मी खापर चुल्हावर ठेवाव नही. सांगी ठेवस!"

म्हणजे लेक आली नाही तर मांडे नाहीत. हा धाक आबांना नानांच्या तोऱ्यापेक्षा जास्त होता.

"भाड्याची गाडी करू," मी म्हणालो.

"भाडानी गाडी कसाले? व्याही देखी हासतीन!"

आणि त्याच आठवड्यात ट्रकवाल्याने आपल्या जेवणाचा डबा सोडला. डब्याभोवती दिल्लीचं इंग्रजी वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं. त्यात लोणच्याच्या डागाशेजारी एका लांबलचक मोटारीचा फोटो होता. विकणे आहे! आबांनी तो कागद माझ्यापुढे धरला, कारण घरात बी.ए. मी एकटाच होतो. (बी.ए. झाल्यापासून मी घरात शुद्ध बोलत असे आणि घरचे ते मोठ्या मनाने सहन करत.)

"राजघराण्यातली गाडी आहे, आबा. आत गालिचा आहे, मखमली गाद्या आहेत, खिडक्यांना पडदे आहेत. फुलदाणीसुद्धा आहे."

आबांनी फोटो न्याहाळला आणि स्टिअरिंगवर बोट ठेवलं. "चाक डावा हातले दिसस ना रे?"

आता इथे माझ्या आयुष्यातली एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. मी जळगावला शिकत असताना सुट्टीत एका फोटो स्टुडिओत काम केलं होतं. त्यामुळे फोटोंच्या बाबतीत चोपडा तालुक्यात माझा शब्द शेवटचा होता (असं माझं मत होतं).

"फोटो उलटा छापलाय, आबा. नेगेटिव्ह उलटी लागली की डावं उजवं होतं."

"मंग नंबर सुलटा कसा?"

"नंबर नंतर लिहितात," मी म्हणालो.

आबांचा विश्वास बसला. बापाने पोराच्या शिक्षणावर किती विश्वास ठेवावा, यालाही काही मर्यादा असते, पण आबा मर्यादेवर थांबणारे नव्हते. त्यांनी दिल्लीला निघालेल्या ट्रकवाल्याला सांगितलं, की केळी उतरवलीस की गाडी बघ, बरी वाटली तर घेऊनच ये. परत आल्यावर ट्रकवाल्याने आपला अहवाल एका वाक्यात दिला, "लंबी बहुत है जी!" एवढीच काय ती पारख झाली होती, कारण गाडी त्याच्या मागेच ट्रकमध्ये उभी होती.

कापसाच्या जिनिंगच्या धक्क्याला ट्रक लावून ती उतरवली. रंग पिस्त्यासारखा, अंगाखांद्यावर केळीची वाळलेली पानं, आत खरोखरच पडदे. फुलदाणीही होती. सगळं जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे होतं. चाक मात्र फोटोत दिसलं होतं तिथेच, डाव्या बाजूला होतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फुलदाणीकडे पाहिलं.

"आते?" आबा म्हणाले.

आता काय! आखाजी तोंडावर आली होती. मला ट्रॅक्टर येत होता, म्हणजे मोटारही येईल असं ठरलं. गाडी पुढे जात होती, वळत होती, थांबतही होती. मागे घेऊन बघावं असं कुणाला सुचलं नाही, कारण उत्साहाच्या भरात माणूस मागे कशाला जाईल?

आखाजीच्या आदल्या दिवशी मी आणि आबा मुराळी म्हणून निघालो. मी डावीकडे चाकाशी आणि आबा उजवीकडे, म्हणजे बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हर बसतो तिथे. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर. गाव सुटल्याबरोबर एक अडचण ध्यानात आली. पुढे बैलगाडी आली की तिच्या पलीकडचं मला काहीच दिसेना. उजवीकडे डोकावून "काढ" किंवा "थांब" म्हणायचं काम आबांवर आलं. पण आबांना वेळ कुठे होता? रस्त्यावर भेटेल त्याला ते खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून राम राम करत होते!

समोरून येणाऱ्यांना काय दिसत असेल याचा विचार करा. ट्रकएवढी लांब गाडी अंगावर येतेय, आणि ड्रायव्हरच्या जागेवरचा म्हातारा दोन्ही हात जोडून निरोप घेतोय. सायकलवाले सायकलीसकट रस्त्याकडेच्या चारीत उतरले. एका बाईने डोक्यावरचा भारा टाकला आणि बाभळीआड धावली.

"देख," आबा टोपी सावरत म्हणाले, "लोके कितला मान देतस!"

तापी ओलांडून अमळनेरला पोचलो, तर चौकात पोलिसाने हात केला. तो सरळ आबांच्या खिडकीशी आला.

"काका, लायसन?"

"माझ्याकडे नाही," आबा म्हणाले.

"लायसन नसताना गाडी चालवता?"

"मी? मी जन्मात कधी गाडी चालवली नाही!"

पोलीस आबांच्या पायाशी वाकून चाक शोधू लागला. ते माझ्यापुढे सापडल्यावर त्याने आधी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मग आम्हाला जाऊ दिलं.

धुळ्यात मात्र गाडीने आमचं नाक वर केलं. अख्खी गल्ली बाहेर आली. नाना घरातल्या सपाता घालूनच ओट्यावर आले. त्यांनी पडद्याला हात लावला, गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, "वा! चला, वेशीपर्यंत आम्हीही येतो सोडायला. तिथून रिक्षाने परत येऊ."

झालं. आता प्रश्न बसण्याचा. पुढची जागा मानाची.

"नाना, तुम्ही पुढे बसा."

"छे छे, आबा, गाडी तुमची. मान तुमचा."

"व्याह्यांच्या पुढे आम्ही बसू होय?"

"आणि आम्ही बसू?"

बराच वेळ मान इकडून तिकडे गेला आणि शेवटी दोघंही व्याही एकमेकांच्या मानाखातर मागे बसले. आता सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून सून बसणार कशी? तेव्हा उरलेली एकच जागा मंगलाच्या वाट्याला आली. ती पदर नाकापर्यंत ओढून पुढे बसली. उजवीकडे!

ते दोघं मागे पडद्यांचं कौतुक करत होते, तेवढ्यात मी हळूच म्हणालो, "मंगले, मला पलीकडचं दिसत नाही. रस्ता मोकळा असला की सांग."

"नानांसमोर कशी बोलू, भाऊ?" पदराआडून आवाज आला.

"मग बांगड्या वाजव. एकदा वाजवल्यास की पुढे घेतो, दोनदा वाजवल्यास की थांबतो."

कल्पना उत्तम होती. फक्त धुळ्यातले खड्डे मी हिशेबात धरले नव्हते. प्रत्येक खड्ड्याला मंगलाचा हातभर चुडा वाजे, आणि मी मोठ्या विश्वासाने गाडी पुढे घाली. एका खड्ड्याने तर मला थेट एस.टी.समोर नेलं. एस.टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. कारण त्याला आमच्या गाडीत काय दिसलं? एक बाई. तोंडावर पदर. हात मांडीवर.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उठून उभे राहू लागले. नानांना वाटलं, गाडीला मान देताहेत. त्यांनीही राम राम सुरू केले. जकात नाक्यावर त्यांच्या ओळखीचे एक शेठजी आडवे आले आणि खिडकीत डोकं घालून म्हणाले, "धन्य आहे, नाना! आमच्या सुनांना अजून सायकल येत नाही, आणि तुमची सून विलायती गाडी हाकते! तीही पदर घेऊन! रस्ता दिसतो कसा हो तिला?"

एका क्षणात नाक्यावर जत्रा जमली. नानांचा चेहरा वांग्यासारखा झाला.

"पुढे घे!" ते ओरडले. "आधी पुढे घे!"

मी घेतली. नाका मागे पडल्यावर नाना म्हणाले, "आता फिरव. धुळ्यात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. ही गाडी नको आणि हे माहेरही नको. आखाजी पुढच्या वर्षी बघू."

पदराआडून हुंदका ऐकू आला. मुलीच्या बाजूची माणसं आम्ही, नाना म्हणतील तसं करायचं. गाडी फिरवण्यासाठी मी गिअरचा दांडा धरला. पुढे ढकलला, मागे ओढला, वर उचलला. गाडीतून कण्हल्यासारखा आवाज आला, पण ती तसूभरही मागे गेली नाही.

"नाना," मी म्हणालो, "ही मागे जात नाही."

"मागे जात नाही म्हणजे?"

"म्हणजे फक्त पुढे जाते."

"मग पुढे रुंद जागा बघून गोल फिरव!"

पण रस्ता एकपदरी, दोन्ही बाजूंना चाऱ्या, आणि गाडी दिल्लीहून निघून अजून पुरती पोचायची होती, इतकी लांब. नाना प्रत्येक फाट्याला "इथे?" म्हणत आणि मी "इथे नाही बसत" म्हणत असे. हे बरंच चाललं. मग "इथे?" यायचं थांबलं. मी आरशात पाहिलं. राजघराण्याच्या मखमली गादीवर, पडद्याच्या सावलीत, नाना घोरत होते. (गाडी आलिशान होती, याबद्दल आजही माझं दुमत नाही.)

असं करत अमळनेरचा चौक आला. मोठा थोरला, सकाळच्याच पोलिसाचा. ट्रॅक्टर-ट्रॉली फिरेल एवढी जागा. मी वेग कमी केला. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मंगलाकडे पाहिलं. तिने पदर जरा वर केला, मान वळवून मागे घोरणाऱ्या सासऱ्यांकडे नीट पाहिलं, आणि ती पुन्हा पुढे बघून बसली.

बांगड्या वाजल्या. एकदा.

त्या चौकात खड्डा नव्हता.

मी गाडी पुढे घातली. आबा फक्त एवढंच म्हणाले, "हळू चालाड. व्याही निजेल शेत."

नानांना जाग आली ती आमच्या दारातल्या निंबाखाली. पोरी झोक्यावरून उड्या टाकून गाडीभोवती जमल्या होत्या. नाना सपातांसकट खाली उतरले. "हे कुठलं गाव?"

"तुमचंच समजा," आबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

माय दारात थिजून उभी होती. लेकीला आणायला पाठवलेली माणसं सासऱ्यालाही घेऊन आली, असं आमच्या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. मंगलाने पदर सावरला, ती धावत जाऊन मायच्या गळ्यात पडली आणि रडत-हसत ओरडली, "माय, ठेव खापर!"

दुसऱ्या दिवशी नानांना बोलायचं बरंच होतं, पण मांडे आणि रस यांतून तोंड रिकामं होईना. संध्याकाळी ते स्वतःहून एस.टी.ने धुळ्याला गेले. "एस.टी. बरी," जाताना म्हणाले. "तिचं चाक तरी जागेवर असतं." तेव्हापासून त्यांच्या सुनाही एस.टी.ने माहेरी जाऊ लागल्या.

गाडी पुढे बरीच वर्षं आमच्याकडे होती. पुढे जायला पेट्रोल लागे आणि मागे घ्यायला बैल जोडावे लागत. त्या आखाजीला मी तिचा एक फोटो काढला होता. शेजारी आबा आणि नाना, झोक्यावर मंगला. निदान फोटोत तरी माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून मी जळगावच्या स्टुडिओत जाऊन नेगेटिव्ह उलटी लावायला सांगितली. आता चाक बरोबर उजवीकडे दिसतं. आबांच्या सदऱ्याचा खिसाही उजवीकडे दिसतो, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

फोटो ओसरीत लावलाय. मागे एक पाहुणे आले, तो बघून म्हणाले, "गाडी झकास! पण हा नंबर उलटा कसा हो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवर पडलेले आबा डोळे न उघडताच म्हणाले, "नंबर मांगून लिखतस. त्याले इचारा, तो बी.ए. शे."