आतोबांची सही

मरणाला आमच्या आतोबांइतका भ्यालेला माणूस या जोयड्याच्या रानात दुसरा झाला नाही, आणि मृत्युपत्रंही त्यांच्याइतकी कुणी लिहवली नाहीत. आता ही दोन्ही एकाच माणसाला कशी जमावीत, हे मला विचारू नका. मी नुसता लिहिणारा. माझं अक्षर बरं, त्यात मी शाळामास्तर, आणि आत्या वारल्यापासून आतोबांचं ऐकून घेणारा मी एकटाच. त्यामुळे दर सुट्टीला त्यांच्याकडे नंदिगड्ड्याला गेलो की फणसाची भाजी आणि मृत्युपत्र हे ठरलेलं.

भय तरी कसलं कसलं! शिंप्याला ते अंगाला हात लावू देत नसत. "माप मेल्यावर घेत्यात," म्हणायचे. मग शिंपी लांबूनच अंदाज करायचा, आणि त्या सदऱ्यात आतोबांबरोबर आणखी एखादा पाहुणा सहज मावला असता. दक्षिणेकडे तोंड करून ते जेवत नसत, ते ठीक. पण तसं बसलेल्या माणसाशी बोलतही नसत. एकदा सारा वसूल करायला आलेला शानभोग नेमका तसा बसला, तर त्याला त्यांनी बाकासकट फिरवला! ओळखीचं कुणी गेल्याचं कळलं की आधी स्वतःची नाडी बघायचे, मग क्विनिन घ्यायचे, आणि त्यानंतर सावकाश "अरेरे" म्हणायचे.

माणूस मात्र कष्टाचा. ओढ्याकाठचं रान स्वतः साफ करून, बांध घालून त्यांनी भाताचं शेत केलेलं. एकुलता मुलगा हिवतापानं गेला. मागे राहिली सून, माझी वैनी, तिला मूलबाळ नाही. त्या वेळचा कायदा असा, की कागद नसेल तर शेत आणि घर जाणार आतोबांच्या खानापूरच्या पुतण्यांकडे, आणि वैनीच्या वाट्याला येणार पोटापुरतं अन्न, तेही त्यांच्या मर्जीनं. शेत आतोबांच्या कष्टाचं, म्हणून एका सहीनं ते वैनीला देता येत होतं. पुतणे दर वर्षी उळवीच्या जत्रेला जाताना मुक्कामाला यायचे आणि सकाळी उठून शेत पावलांनी मोजायचे. त्यांना भाकरी कोण वाढणार? वैनीच. मला ते बघवत नसे.

मृत्युपत्र मी झकास लिहायचो. शेत वैनीला, घर वैनीला, मिरीचे वेल, काजूची झाडं, झाडावरचं मधाचं पोळंसुद्धा तिला. दोन साक्षीदार ओटीवर येऊन बसायचे, गूळपाणी व्हायचं. आतोबा टाक दौतीत बुडवायचे आणि त्यांना दरदरून घाम फुटायचा. "आज नको रे. आज हात जड हाय." अशी सात वर्षं गेली, आणि साक्षीदार तेवढे गूळ खाऊन जाड झाले.

या सगळ्याच्या मुळाशी होता देवाचा कौल. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सात वर्षांपूर्वी आतोबांनी विचारलं होतं, "सही केली तर मी मरीन काय?" आणि उजवी पडली होती. झालं!

मी कपाळाला हात लावला. "अहो आतोबा, माणूस कधी ना कधी मरणारच की! देव खोटं कशाला सांगेल?"

"तू पोरांस्नी शिकीव," आतोबा म्हणाले, "देवाला शिकवू नगो."

मग एका जत्रेला पुतण्यांनी कमालच केली. शेताची दोरीनं वाटणी करून खुंट्याच ठोकल्या. धाकटा वैनीला म्हणाला, "वैनी, तुमी काळजी करू नगा. गोठ्याशेजारची खोली तुमालाच ठेवू." गाडी गेल्यावर वैनीनं आतोबांना पाण्याचा तांब्या दिला आणि खाली बघत म्हणाली, "मामंजी, देवाला उलटं बी इचारा की. सही न्हाई केली तर मरीन काय, म्हणून."

डावी पडली तर आतोबा जन्मात टाक उचलणार नव्हते, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. सात वर्षांत तिनं एवढंच एक मागितलं.

गेलो देवळात. गुरवानं पाकळ्या लावल्या. आतोबा पुढे, त्यांच्यामागे वैनी, मी दाराशी. गाभाऱ्यात अंधार, आणि आतोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी प्रश्न विचारला. पाकळी पडली.

"उजवी!" गुरव ओरडला.

आतोबांनी पाषाणाला हात जोडले. मग म्हणाले, "म्हंजे दोन्हीकडनं मरणच हाय. चल, कागद काढ."

सही झाली. आतोबांनी आंघोळ केली, नवं धोतर नेसले, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि माजघरात आडवे झाले. तीन दिवस डोळे मिटून पडून होते, तोंडात पाण्याशिवाय काही नाही. चौथ्या दिवशी रागारागानं उठून बसले. "सूनबाई, भूक लागलीया! काय हाय का न्हाई घरात?" वैनी हसत-रडत चुलीकडे धावली. मी, खरं सांगतो, गोठ्यामागे जाऊन पोटभर रडून घेतलं. इतकं हलकं मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं!

त्यानंतर आतोबा नऊ वर्षं जगले. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांच्या उशाशी बसलो होतो. थट्टेनं म्हटलं, "आतोबा, दुसरा कौल तुम्हाला चांगलाच लाभला."

वैनी विहिरीवर गेल्याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. "डावी पडली हुती," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"डावी. सही न्हाई केली तर मरणार न्हाईस, असं देवानं सांगितलं हुतं. गुरव खोटं बोलला, त्याला पोरीची दया आली आसंल. पर माझ्या एका डोळ्याला दिसत हुतं रे."

"मग सही कशाला केलीत?"

आतोबा माझ्यावरच चिडले. "तर काय करू? पोरगी माझ्यामागं उभी हुती. श्वाससुदिक घेत नव्हती रे ती."

त्या श्रावणात ते गेले. पुतण्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि मुकाट्यानं गाडी जुंपली. शेत आज वैनीच करते. तिला मी ही गोष्ट अजून सांगितलेली नाही. सांगायला बसतो, आणि तिच्या हातची फणसाची भाजी मागून घेतो.