मिशीचं एरंडेल

रणोजीरावांचा डावा कान एका सकाळी अचानक बंद पडला. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कान! आत सतत घूं व्हायचं आणि त्यात सूर बुडायचे. पण गृहस्थ महाहट्टी. मळ साचला असेल म्हणत दहा दिवस लसणीचं कोमट तेल घालत बसले.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मळ नव्हे, नसच दगा देत होती. गोळ्या लगेच सुरू केल्या. शिवाय बंद पेटीत दाबाखाली शुद्ध प्राणवायू घ्यायचा, तोही पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर बरा. पाळी मिळाली थेट चौदाव्या दिवशी, सकाळी अकराची.

पेटी सांभाळणाऱ्या पावनीने अंगठी, घड्याळ काढून घेतलं, सुती कपडे दिले आणि मिशीकडे बोट केलं. "एण्णे?"

तेलच ते. एरंडेल आणि मेण. पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले, मिशीला रोज पीळ हवाच.

"आगल्ल, सर, चालणार नाही! आत तेल पेट घेईल. धुऊन या. आजची पाळी चुकली तर पुढची सोमवारी."

तीनदा साबण लावला. मेण हटेना. अकराला वीस मिनिटं उरली.

"काढतो," रणोजीराव म्हणाले.

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोचा, भागीरथीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, आबा असताना?"

त्यांच्यात मिशी उतरते ती वडील गेल्यावर. आणि शहाऐंशी वर्षांचे आबा, खंडोजीराव, घरी चांगले ठणठणीत होते.

रणोजीराव समोरच्या सलूनमध्ये जाऊन बसले. न्हाव्याने हळूच विचारलं, वडील कधी गेले? त्यांनी ओठ पुढे केला. वस्तरा फिरला तसे डोळे भरून आले.

अकराला दोन मिनिटं असताना पेटीचं झाकण लागलं.

घरी आबांनी त्या उघड्या ओठाकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नऊ दिवस अक्षर बोलले नाहीत. रणोजीराव रोज पेटीत जात, रोज परत येत. कानात तेच घूं. मिशीही गेली आणि कानही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

दहाव्या दुपारी ते उजव्या कुशीवर पडले होते, चांगला कान उशीत खुपसून. असं पडलं की जग मुकं व्हायचं. तेवढ्यात पाठीमागून पुटपुट आली, खरखरीत, लांबून आल्यासारखी.

"मी अजून जिता हाय कणो, रणोज्या. वाढव ती मिशी."

रणोजीराव ताडकन उठून बसले. दारात काठी टेकून आबा उभे होते.

"परत बोला, आबा," ते म्हणाले आणि पुन्हा उजवा कान उशीत दाबून पडले.